वाचकांचे प्रश्न : नौदलातील ‘दुसरा’ अधिकारी नेमके काय करतो?

प्रश्न : ‘नौदलाच्या उपप्रमुखपदी व्हाइस ॲडमिरल अमुक यांची नियुक्ती’ अशी बातमी वाचनात येते आणि थोड्याच दिवसांत दुसरे एखादे व्हाइस ॲडमिरल पश्चिम विभागाची सूत्रे स्वीकारताना छायाचित्रात दिसतात. मग नौदलाला उपप्रमुख एक की अनेक? आमच्या सकाळच्या कट्ट्यावर यावरून चांगलाच वाद झाला. एकाच्या मते उपप्रमुख हे उपसरपंचासारखे असतात; सरपंच परगावी गेले की सही करायची, एरवी मिरवायचे. दुसऱ्याच्या मते तेच पुढचे प्रमुख असतात. खरे काय ते सांगावे.
– एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या कट्ट्यावरील वादाचे निम्मे मूळ मराठीतील ‘उप’ या उपसर्गात आहे. व्हाइस, डेप्युटी, सब या तिन्ही शब्दांसाठी आपण ‘उप’ हा एकच शब्द वापरतो. नौदलाच्या मुख्यालयात मात्र ‘व्हाइस चीफ’ आणि ‘डेप्युटी चीफ’ ही दोन स्वतंत्र पदे आहेत, त्यांवर दोन वेगळे अधिकारी असतात, आणि घाईत लिहिलेल्या बातमीत दोघेही ‘उपप्रमुख’ होतात. त्यात भर म्हणजे या दोघांचाही हुद्दा व्हाइस ॲडमिरल हाच असतो. म्हणून आधी हुद्दा आणि पद यांची फारकत करायला हवी. महाविद्यालयात विभागप्रमुख बहुधा प्राध्यापक असतो, पण प्रत्येक प्राध्यापक विभागप्रमुख नसतो. तसेच व्हाइस ॲडमिरल हा हुद्दा अनेकांकडे असतो आणि व्हाइस चीफ हे पद त्यांच्यापैकी एकाकडे. या उत्तरात ‘उपप्रमुख’ म्हणजे व्हाइस चीफ असेच समजावे.

याची साक्ष पुणेकरांना घराजवळच मिळते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांकडे आळीपाळीने जाते आणि नौदलाची पाळी आली की तेथे व्हाइस ॲडमिरल येतात. अलीकडच्या काळात अजय कोचर यांनी ते पद सांभाळले. वानवडीच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुखपद भूषवलेल्या पुनीता अरोरा पुढे लष्करातून नौदलात आल्या आणि सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहिलेले, सागर परिक्रमेची, म्हणजे शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणेची, कल्पना तडीस नेणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. यांपैकी कोणाचाही हुद्दा वाचून त्यांना नौदलाचे उपप्रमुख म्हणणे चुकीचे ठरेल. उलट बाजूचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९६५ च्या युद्धाच्या वेळी नौदलाचे प्रमुख असलेले भास्कर सदाशिव सोमण हे स्वतःच व्हाइस ॲडमिरल होते, कारण त्या काळी प्रमुखाचा हुद्दाच तेवढा होता. १ मार्च १९६८ रोजी ए. के. चॅटर्जी यांना पूर्ण ॲडमिरलचा दर्जा मिळाला, त्यानंतर प्रमुखाच्या खांद्यावर चार तारे आणि उपप्रमुखाच्या खांद्यावर तीन, ही आजची मांडणी रूढ झाली. (या तारकाचिन्हांमध्ये २०२३ च्या अखेरीस बदल होऊन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, हे मालवणच्या नौदल दिनाच्या बातम्यांमुळे आपल्याला ठाऊक असेलच. तारे मोजून हुद्दा कळतो. पद कळत नाही.)

आता कामाकडे वळू. दिल्लीत नौदलप्रमुखांच्या हाताखाली चार प्रधान अधिकारी असतात. डेप्युटी चीफ हे नौकांच्या मोहिमा, गुप्तवार्ता असे आजचे चालू काम पाहतात. चीफ ऑफ पर्सोनेल यांच्याकडे माणसे असतात, म्हणजे भरती, बदल्या, बढत्या. चीफ ऑफ मटेरियल यांच्याकडे यंत्रे, दुरुस्ती आणि गोद्या असतात. चौथे आणि क्रमाने पहिले म्हणजे उपप्रमुख. त्यांच्याकडे मुख्यतः उद्याचे नौदल असते. पुढील दहा-पंधरा वर्षांत कोणत्या प्रकारच्या किती नौका लागतील, त्यांसाठी पैसा कोणत्या वर्षी किती मागायचा, कोणती खरेदी आधी आणि कोणती नंतर, कोणत्या प्रकल्पाला उशीर होतो आहे, अर्थखात्याच्या आक्षेपाला काय उत्तर द्यायचे, या सगळ्या फायली शेवटी त्यांच्या टेबलावर येतात. हे काम छायाचित्रात येत नाही. प्रमुख परदेशी पाहुण्यांचे स्वागत करतात, संचलनाची मानवंदना घेतात, पंतप्रधानांना माहिती देतात. उपप्रमुख बैठका घेतात.

मात्र या बैठकांना कमी लेखू नये, कारण नौदल हे फार सावकाश घडणारे दल आहे. कोचीत बांधलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा कणा फेब्रुवारी २००९ मध्ये ठेवला गेला, नौका ऑगस्ट २०१३ मध्ये पाण्यात उतरली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत दाखल झाली. कणा ठेवण्यापूर्वीची आराखड्याची आणि मंजुरीची वर्षे वेगळीच. एवढ्या काळात मुख्यालयात उपप्रमुख कितीतरी वेळा बदलले. ज्याने एखाद्या नौकेसाठी अर्थखात्याशी वाद घातला, त्याला ती नौका बहुधा निवृत्तीनंतरच समुद्रात दिसते. स्वतःच्या हयातीत फळ न देणारे झाड लावायचे आणि तेही सरकारी नियमांच्या कुंपणात राहून, अशी या पदाची प्रकृती आहे, आणि मला स्वतःला ते प्रमुखपदापेक्षा अधिक चिकाटीचे काम वाटते.

अधिकारही तसेच दिलेले आहेत. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांच्या उपप्रमुखांचे आर्थिक अधिकार वाढवून ५०० कोटी रुपयांपर्यंत नेले, तर जुलै २०२० मध्ये, पूर्व लडाखमधील तणावाच्या काळात, तातडीच्या भांडवली खरेदीसाठी ३०० कोटी रुपयांपर्यंतचे प्रस्ताव दलांनी स्वतःच्या पातळीवर मार्गी लावावेत असा निर्णय झाला. तेव्हा आपल्या स्नेह्यांनी दिलेली उपसरपंचाची उपमा इथे लागू पडत नाही. पुण्यातलेच उदाहरण द्यायचे तर गणेश मंडळाचा कार्याध्यक्ष अधिक जवळचा वाटतो : कमानीवर अध्यक्षांचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण मांडवाचा परवाना, वर्गणीचा हिशेब आणि मिरवणुकीचा क्रम कोणाला विचारायचा हे सगळ्या पेठेला माहीत असते.

या उपमेलाही एक मर्यादा आहे. उपप्रमुख हे मुख्यालयात दुसरे असतात, समुद्रावर नव्हे. मुंबईचा पश्चिम विभाग, विशाखापट्टणमचा पूर्व विभाग आणि कोचीचा दक्षिण विभाग यांचे प्रमुख थेट नौदलप्रमुखांना जबाबदार असतात, उपप्रमुखांना नाही. या तिघांचे आणि उपप्रमुखांचे मूळ वेतनही एकच, म्हणजे सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा २,२५,००० रुपये (प्रमुखांचे २,५०,०००), आणि सेवाज्येष्ठतेत विभागप्रमुखांपैकी एखादा उपप्रमुखांच्या वर असणे हे मुळीच नवलाचे नाही. बदल्याही दोन्ही दिशांनी होतात. दिनेश त्रिपाठी हे पश्चिम विभाग सोडून ४ जानेवारी २०२४ रोजी उपप्रमुख झाले. कृष्णा स्वामीनाथन हे उपप्रमुखपद सोडून ३१ जुलै २०२५ रोजी पश्चिम विभागात गेले आणि दुसऱ्या दिवशी संजय वात्सायन उपप्रमुख झाले. मुंबईहून दिल्लीला जाणे बढती आणि दिल्लीहून मुंबईला येणे पदावनती, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

राहिला वारसाचा मुद्दा. उपप्रमुख आपोआप प्रमुख होतो असा नियम नाही. प्रमुखाची निवड पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते, आणि तिच्या निर्णयात ज्येष्ठतेइतकेच जन्मतारखेलाही महत्त्व असते, कारण व्हाइस ॲडमिरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तर प्रमुखाला तीन वर्षे किंवा वयाची बासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोवर काम करता येते. जागा रिकामी होण्याच्या चार महिने आधी जो साठ वर्षांचा झाला, त्याची गुणवत्ता कितीही असो, त्याची गाडी चुकली.

उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. त्रिपाठी हे चार महिनेही पुरे न होता, ३० एप्रिल २०२४ रोजी, उपप्रमुखपदावरून प्रमुखपदी गेले. उलट ३० डिसेंबर १९९८ रोजी ॲडमिरल विष्णू भागवत यांना सरकारने पदावरून दूर केले, तेव्हा कोचीतील दक्षिण विभागाचे प्रमुख सुशील कुमार यांना त्यांच्या जागी आणण्यात आले. गंमत म्हणजे त्या संघर्षाची ठिणगी ‘दुसऱ्या’ खुर्चीवरूनच पडली होती : डेप्युटी चीफ म्हणून सरकारने निवडलेल्या अधिकाऱ्याला स्वीकारण्यास भागवत यांनी नकार दिला होता. प्रमुखाला स्वतःचा सहकारी निवडण्याचा हक्क किती, हा प्रश्न त्या वेळी साऱ्या देशाने चर्चिला. २०१९ मध्ये करमबीर सिंह प्रमुख झाले ते विशाखापट्टणमहून. उपप्रमुखपद त्यांनी त्यापूर्वीच भूषवले होते. त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेले बिमल वर्मा यांनी निवडीला न्यायाधिकरणात आव्हान दिले होते.

तरीही या पदाचा खरा कस कधी लागतो, हे २०१४ च्या फेब्रुवारीत दिसले. आदल्या वर्षी १४ ऑगस्टला मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन अठरा जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर छोटे-मोठे अपघात होत राहिले आणि २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर धूर होऊन दोन अधिकारी दगावले. त्याच दिवशी ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि सरकारने तो स्वीकारलाही. सकाळी जे उपप्रमुख म्हणून कचेरीत आले, ते रॉबिन धवन संध्याकाळी हंगामी प्रमुख होते. सुमारे सात आठवडे त्यांनी तो भार वाहिला. मृतांच्या घरी शोक, वर्तमानपत्रांत टीका, नौकांची तपासणी, आणि त्यात पुढचा प्रमुख कोण याची कुजबुज, असा तो काळ होता. १७ एप्रिलला त्यांचीच कायम नियुक्ती झाली. पश्चिम विभागाचे प्रमुख शेखर सिन्हा हे ज्येष्ठ असूनही मागे राहिले आणि त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. निवडीचे बरे-वाईट बाजूला ठेवले तरी एवढे निश्चित की त्या संध्याकाळी सूत्रे हाती घेणाऱ्याला एकही फाइल समजावून सांगावी लागली नाही. आपल्या कट्ट्यावरील दुसऱ्या गृहस्थांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे धरावे.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत असते. तेथील नौदलातही असे पद असते का?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : असते, आणि तेथे प्रमुख व उपप्रमुख दोघेही पूर्ण ॲडमिरल, म्हणजे चार ताऱ्यांचे असतात. उपप्रमुख लिसा फ्रँकेटी यांच्या नावाची प्रमुखपदासाठी शिफारस झाली होती. परंतु एका सिनेटरने लष्करी नेमणुका अडवून धरल्याने १४ ऑगस्ट २०२३ पासून त्यांना हंगामी प्रमुख म्हणून काम पाहावे लागले. २ नोव्हेंबरला मान्यता मिळाली आणि त्या अमेरिकी नौदलाच्या पहिल्या स्त्री प्रमुख ठरल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना पदावरून दूर केल्यावर पुन्हा उपप्रमुखांनीच, म्हणजे जेम्स किल्बी यांनी, हंगामी कारभार पाहिला. ब्रिटनमध्ये या पदाला ‘सेकंड सी लॉर्ड’ असे जुने, भारदस्त नाव आहे आणि नौदलातील माणसांची काळजी हे त्या पदाचे परंपरागत काम राहिले आहे. आपण नौदलाच्या बहुतेक प्रथा ब्रिटिशांकडून घेतल्या असल्या तरी हे नाव घेतले नाही, ते बरेच झाले.

प्रश्न : माझा मुलगा खडकवासल्याला तिसऱ्या वर्षात असून त्याला नौदल मिळाले आहे. सुटीत घरी आला की तो सारखे ‘एक्सओ’ असे काही म्हणतो. जहाजावरचा हा दुसरा अधिकारी नेमके काय करतो, आणि कप्तानापेक्षा त्याचाच धाक जास्त का असतो?
– एक आई, कर्वेनगर, पुणे

उत्तर : आपल्या मुलाने धाकाचे निदान अचूक केले आहे. एक्सओ म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे जहाजावर कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. फ्रिगेट किंवा विनाशिका अशा मोठ्या युद्धनौकेवर तो बहुधा कमांडर हुद्द्याचा असतो. लहान जहाजावर हेच काम ‘फर्स्ट लेफ्टनंट’ करतो. मोठ्या जहाजावर मात्र फर्स्ट लेफ्टनंट हा एक्सओचा मदतनीस असतो. हा फरक मुलाला आताच सांगून ठेवावा, कारण नवखे अधिकारी यात हमखास चुकतात.

कप्तान जहाज लढवतो, एक्सओ जहाज चालते ठेवतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी कोण किती वाजता काय करणार याचा आदेश रोज संध्याकाळी एक्सओच्या सहीने निघतो. डेक धुतला आहे का, गंज खरवडून रंग दिला आहे का, बोटी उतरवण्याचा सराव झाला आहे का, स्वयंपाकघराच्या जाळ्या स्वच्छ आहेत का, उशिरा परतलेल्या नौसैनिकाचे काय करायचे, हे सारे तोच पाहतो. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाचे, म्हणजे वॉर्डरूमचे, अध्यक्षपदही त्याच्याकडेच असते. कप्तान वॉर्डरूमचा सदस्य नसतो. तो आपल्या केबिनमध्ये एकटा जेवतो आणि वॉर्डरूममध्ये निमंत्रण आले तरच पाहुणा म्हणून येतो. बाहेरच्यांना ही प्रथा विचित्र वाटते, पण तिच्यामागे विचार आहे. ज्याला उद्या कोणालाही संकटात पाठवावे लागेल, त्याने कोणाच्याही ताटाशेजारी रोज बसू नये. त्यामुळे माणसांच्या रागलोभांशी रोजचा संबंध एक्सओचा येतो आणि धाकही त्याचाच बसतो.

मी स्वतः एका फ्रिगेटवर हे काम केले आहे. शत्रूच्या पाणबुडीपेक्षा मला श्रावण-भाद्रपदाची धास्ती अधिक वाटत असे. कोकणातल्या प्रत्येक नौसैनिकाला गणपतीला घरी जायचे असे, त्याच सुमारास मल्याळी मंडळींचा ओणम येई, आणि ते परत येतात तोच बंगाली मंडळी दुर्गापूजेचे अर्ज घेऊन उभी राहत. सर्वांना सोडले तर जहाज धक्क्यावरून हलणार नाही, आणि कोणालाच सोडले नाही तर ते हलेल पण मनाने हलणार नाही. एका वर्षी मी सगळे अर्ज ज्येष्ठतेच्या क्रमाने निकाली काढले आणि त्याचा मला अभिमानही वाटला. चार दिवसांनी कप्तानांनी बोलावून विचारले, “त्या सिग्नलमनच्या घरी यंदा पहिलाच गणपती आहे, वडील गेल्यानंतरचा, हे तुम्हाला माहीत होते का?” मला माहीत नव्हते. तो माझ्या यादीत अकराव्या क्रमांकावर होता. त्या वर्षी मी माझी रजा रद्द केली, त्याला पाठवले, आणि पुढच्या वर्षीपासून यादी करण्यापूर्वी प्रत्येक खात्याच्या ज्येष्ठ नौसैनिकांशी बोलण्याचा नियम केला. कप्तानांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

युद्धप्रसंगी एक्सओची जागा बदलते. कप्तान ऑपरेशन्स रूममध्ये किंवा ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या जागी, असतो. एक्सओला मुद्दाम त्याच्यापासून दूर ठेवतात, म्हणजे एकाच तडाख्यात दोघेही जाऊ नयेत. आग आणि पाणी यांच्याशी चाललेल्या झुंजीचे, म्हणजे डॅमेज कंट्रोलचे, सूत्र बहुधा त्याच्या हाती असते. कोणते दार बंद करायचे, कोणत्या कप्प्यात पाणी शिरू द्यायचे, असे निर्णय तेव्हा क्षणात घ्यावे लागतात. दार बंद करताना पलीकडे कोण आहे हे त्याला ठाऊक असते, कारण रजेच्या अर्जांमुळे त्याला प्रत्येकाचे घर ठाऊक असते.

आपला मुलगा खडकवासल्यानंतर केरळातील एळिमला येथील नौदल अकादमीत आणि मग प्रशिक्षण नौकेवर जाईल. मोठ्या जहाजाचा एक्सओ होण्यास साधारणपणे पंधराएक वर्षे लागतात. खडकवासल्याच्या पीकॉक बेच्या पाण्यात शिडाची होडी उलटली की आधी सोबत्याचा शोध घ्यायचा, एवढे त्याने आताच अंगी बाणवले असेल तर सुरुवात योग्य आहे.

प्रश्न : मुलींना अशी जबाबदारी मिळते का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, हडपसर, पुणे

उत्तर : मिळते. लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी या भारतीय नौदलाच्या युद्धनौकेचे नेतृत्व मिळालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी होत. २०२३ च्या अखेरीस त्यांची ‘त्रिंकट’ या वेगवान गस्ती नौकेवर निवड जाहीर झाली. त्यापूर्वी त्या ‘चेन्नई’ या विनाशिकेवर होत्या, आणि तेथील त्यांचे पद होते फर्स्ट लेफ्टनंट. वरच्या उत्तरात ज्याचा उल्लेख एक्सओचा मदतनीस असा केला, ते हेच पद.